घरच्या माणसाची बिडी-सिगारेट सोडवताना : आधी काय, नंतर काय

घरातल्या कुणाची बिडी-सिगारेट सुटावी म्हणून धडपडणारी माणसं बहुतेक वेळा शेवटची पायरी आधी चढतात. पाकीट सापडलं की चुलीत घालतात, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. आठ दिवसांनी शर्टाच्या खिशात पुन्हा काडेपेटी सापडली की "यांच्याच्याने होणार नाही" म्हणून विषय सोडून देतात. माझ्या वडिलांच्या बाबतीत मी हे सगळं केलेलं आहे. तीनदा बिडी सुटली आणि तीनदा परत लागली. चौथ्या खेपेला आम्ही क्रम बदलला, तेव्हा ती सुटली. तो क्रम इथे देते आहे.

सोडायचं काम त्यांचं आहे, ते तुम्हाला त्यांच्या वतीने करता येत नाही. घर, दिवसाची वेळ, औषध आणि आपली जीभ एवढ्या चार गोष्टी मात्र आपल्या हातात असतात.

पायरी १ : आधी विचारा, सल्ला नंतर

बोलण्याची वेळ आणि जागा निवडा. जेवणाच्या पानावर, पाहुण्यांसमोर किंवा सुनेसमोर हा विषय काढू नका. तलफ आलेली असते तेव्हाही नको. दोघंच असाल, चालता चालता बोलता येईल, अशी संध्याकाळची वेळ बरी.

मग एक साधा प्रश्न विचारा. "आबा, बिडी सोडावी असं दहापैकी किती वाटतं?"

समजा ते म्हणाले, "तीन." आपल्या ओठांवर लगेच येतं, "तीनच?" ते गिळा. त्याऐवजी विचारा, "तीन तरी का म्हणालात? शून्य का नाही?" आता कारणं त्यांना स्वतःला शोधावी लागतात. जिना चढताना धाप लागते, नात जवळ येत नाही, पहाटेचा खोकला थांबत नाही. हे सगळं तुम्हाला आधीच माहीत असतं, तुम्ही ते शंभरदा बोलूनही दाखवलेलं असतं. पण या वेळी ते त्यांच्या तोंडून आलेलं असतं. घरी गेल्यावर त्यांच्याच शब्दांत ते कागदावर लिहून ठेवा. बिडी बंद केल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी हा कागद लागणार आहे.

दुसरा प्रश्न वेगळा आहे. "सोडायचं ठरवलंच, तर जमेल असं दहापैकी किती वाटतं?" पुष्कळांची इच्छा आठ असते आणि भरवसा दोन. अशा माणसाला कॅन्सरचे फोटो दाखवून काहीही साधत नाही. भीती त्याला आधीच आहे. त्याला औषध हवं, आखणी हवी आणि सोबत हवी.

ते "नाही" म्हणाले तर वाद घालू नका. एकच गोष्ट मागा : घरात आणि गाडीत ओढायची नाही. खिडकी उघडली, पंखा लावला तरी धूर घरात राहतोच आणि तो पोरांच्या छातीत जातो. ओढायला दर वेळी अंगणात किंवा गच्चीवर जावं लागलं की संख्या आपोआप थोडी उतरते. महिन्याभराने तोच प्रश्न पुन्हा विचारा.

इशारा : चहात किंवा जेवणात गुपचूप मिसळायची "व्यसनमुक्ती पावडर" घेऊ नका. आत काय आहे ते कळत नाही, चालू औषधांशी तिचं काय होईल ते सांगता येत नाही. उघडकीला आलं तर विश्वास जातो, आणि पुढची प्रत्येक पायरी विश्वासावरच उभी आहे.

इशारा : लेकराची शपथ घालू नका. शपथ मोडली की माणूस बिडी सोडत नाही, लपवायला लागतो.

तपासा : "सोडून बघतो" हे शब्द त्यांच्या तोंडून आलेत का? आले नसतील तर पुढची पायरी थांबवा.

पायरी २ : आठवडाभर फक्त नोंद

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. "दिवसाला दहा ओढतो" एवढी माहिती पुरत नाही. त्या दहांपैकी कोणती सवयीची, कोणती शरीराची आणि कोणती संगतीची, हे कळल्याशिवाय कशाच्या जागी काय द्यायचं ते कळत नाही.

पाकिटाला किंवा बंडलाला रबरबँडने एक कागद गुंडाळा. प्रत्येक वेळी ओढण्याआधी त्यावर चार गोष्टी लिहायच्या : वेळ, जागा, सोबत कोण, आणि तलफ किती, थोडी की जोराची. या आठवड्यात कमी करायला सांगू नका. लिहायचा कंटाळा असेल तर संध्याकाळी तुम्ही विचारा आणि तुम्ही लिहा.

सात दिवसांनी कागद समोर ठेवून बसा. साधारण हे दिसतं :

उठल्या उठल्याची. जाग आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढावी लागत असेल तर शरीर निकोटिनवर, म्हणजे तंबाखूतल्या व्यसन लावणाऱ्या द्रव्यावर, पक्कं बांधलं गेलेलं आहे. अशा माणसाला नुसत्या निर्धारावर सोडायला लावणं म्हणजे त्याला हरायला पाठवणं.

पोट साफ होण्यासाठीची. "बिडीशिवाय संडासला होत नाही" हे कारण हसण्यावारी नेऊ नका. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. बंद केल्यावर पहिले काही आठवडे काहींना खरोखरच बद्धकोष्ठता होते आणि निव्वळ त्यासाठी माणसं परत ओढतात. रात्री इसबगोल, उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाज्या आणि काकडी-गाजर यांची सोय आधीच करा.

चहाबरोबरची आणि जेवणानंतरची. या जोड्या आहेत. चहाची जागा बदला, कप बदला, टपरीऐवजी घरी घ्या. जेवल्यावर लगेच उठून दात घासायला किंवा शतपावलीला जा. बसून राहिलं की हात खिशाकडे जातो.

टपरीवरची. इथे तलफेपेक्षा माणसं महत्त्वाची असतात. २०२० साली राज्यात सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली, तरी टपरीवर सुट्टी मिळतच राहते, आणि "एकच घेतो" हा सापळा तिथेच असतो.

एकट्याची. रात्रपाळीचा पहारेकरी, लांबच्या पल्ल्याचा चालक, रात्री लाइट आली म्हणून पिकाला पाणी धरायला गेलेला शेतकरी. थंडी, झोप आणि एकटेपणा यांवर त्याने शोधलेला तो एकच उपाय असतो. त्याला दुसरा द्या. थर्मासमध्ये काहीतरी गरम, खिशात भाजलेले फुटाणे, आणि ठरलेल्या वेळी घरून एक फोन. माझे वडील रात्रीचं पाणी धरायचे. आधीच्या तीनही खेपा शेतातच फसल्या होत्या. हे मला या कागदावरून कळलं, तोवर मी घरातल्या बिड्याच शोधत बसले होते.

तपासा : रोजच्या प्रत्येक बिडीसमोर "त्याऐवजी काय" लिहून झालंय का? निदान सगळ्यात कठीण तिघींसमोर तरी?

पायरी ३ : तारीख

आजपासून दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख त्यांनी निवडावी, तुम्ही नव्हे. त्याहून लांबची धरली तर उत्साह ओसरतो. घरात लग्न, हळद, गावची जत्रा किंवा ऊस तोडणीची घाई असेल असा आठवडा टाळा.

त्या दिवशी पूर्ण बंद, हा मार्ग पुष्कळांना साधतो. कमी करत नेणाऱ्याच्या हातात राहिलेली प्रत्येक बिडी जास्त मोलाची होत जाते आणि तो ती जास्त खोल ओढतो. तरीही एखाद्याला कमी करतच जायचं असेल तर हरकत नाही, फक्त शेवटची तारीख आजच ठरवा.

आपल्याकडे पुष्कळ पुरुष श्रावण पाळतात. मांसाहार, दारू बंद, काहींची बिडीही बंद. सुरुवातीला हा फार चांगला आधार आहे, कारण आजूबाजूचेही आग्रह करत नाहीत. चूक एवढीच होते की मनात हिशेब महिन्याचा असतो. महिना संपला की बिडी परत येते, आणि चार आठवड्यांत शरीराचा सगळ्यात कठीण भाग पार पडलेला असतो, तो फुकट जातो. श्रावणात सोडणार असाल तर श्रावण संपल्यानंतरच्या पंधरा दिवसांची आखणी आधीच करा. तुळशीची माळ घालून सोडणाऱ्यांचंही तसंच. माळ स्वतःहून घातलेली असेल तर ती मोठी सोबत आहे, घरच्यांनी घातलेली असेल तर ती शपथेसारखीच.

पायरी ४ : डॉक्टर, च्युइंगम, फोन

औषध घेऊन सोडणं म्हणजे कमीपणा, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. ते मनावर घेऊ नका. निकोटिनची तलफ शरीराची आहे. औषध आणि समुपदेशन जोडीने मिळालं की यश मिळण्याची शक्यता नुसत्या निर्धारापेक्षा बरीच वाढते.

तारखेच्या आधीच डॉक्टरांना भेटा. काही गोळ्या, उदाहरणार्थ ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन, सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू कराव्या लागतात. फिट येणाऱ्याला ब्युप्रोपिऑन चालत नाही, म्हणून जुने आजार लपवू नका.

डॉक्टरांना चालू औषधांची यादी दाखवा. हे फार थोड्यांना माहीत असतं : धुरामुळे यकृत काही औषधं भराभर संपवत असतं. धूर बंद झाला की तोच डोस अंगात जास्त साठतो. दम्यासाठीचं थिओफिलिन, मानसिक आजारावरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांचा डोस बदलावा लागू शकतो. मधुमेहाच्या माणसाने इन्सुलिनबद्दलही विचारून घ्यावं.

धुराशिवाय तलफ भागवणारं निकोटिनचं च्युइंगम २ आणि ४ मिलीग्रॅमचं येतं. २ चं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासात ओढणाऱ्याला बहुधा ४ चं लागतं, ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस, यांनी डॉक्टरांशिवाय काहीच सुरू करू नये.

"च्युइंगमने काही होत नाही" म्हणणाऱ्या पुष्कळांनी ते चुकीचं चघळलेलं असतं. ते असं घ्यायचं :

१. घेण्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत काही नको. आंबट-तुरट पेयांमुळे निकोटिन तोंडात शोषलं जात नाही.

२. सावकाश चावा. तिखटसर चव किंवा जिभेला मुंग्या जाणवल्या की लगेच थांबा.

३. गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, तंबाखूचा बार धरतात तसं.

४. मुंग्या गेल्या की पुन्हा थोडं चावा, पुन्हा दुसऱ्या बाजूला ठेवा. असं साधारण अर्धा तास.

भराभर चघळलं की निकोटिन पोटात जातं. मग उचकी लागते, मळमळतं, घसा जळजळतो आणि तलफ तशीच राहते. दुसरी चूक म्हणजे दिवसाला दोन-तीनच घेणं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू कमी, आणि साधारण तीन महिन्यांत बंद, असा क्रम असतो. कवळी असेल तर च्युइंगम जमत नाही. अशांसाठी त्वचेला लावायची पट्टी किंवा चघळायची गोळी विचारा.

फोन : तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, मोफत नंबर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. नंबर तुम्ही लावून द्या, बोलू त्यांना द्या. जिल्हा रुग्णालयातही तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा.

इशारा : परदेशातला भाचा ई-सिगारेट सुचवेल. भारतात २०१९ च्या कायद्याने तिची विक्री, आयात आणि साठा सगळ्यालाच बंदी आहे.

पायरी ५ : आदली रात्र

आता कुठे पाकीट टाकायची वेळ आली. आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने टाकायचं. खिसे, गाडीची डिकी, गोठ्यातला कोनाडा, देवळीतली काडेपेटी, माळ्यावरचं बंडल, सगळं. "पाहुण्यांसाठी एक असू दे" याला परवानगी नाही. राखदाणी टाका. शाली, स्वेटर, उशांचे अभ्रे धुऊन घ्या, वासानेही तलफ उठते.

बशीत बडीशेप, लवंग, वेलची, फुटाणे, आवळ्याच्या फोडी काढून ठेवा. सुपारी नको. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी तोंडाचा कॅन्सर करते.

ज्यांच्याबरोबर ते ओढतात त्या दोन-तीन मित्रांना त्यांनीच सांगावं, "उद्यापासून मला देऊ नका." सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करायची गरज नाही.

तपासा : च्युइंगम किंवा गोळ्या घरात आहेत? इसबगोल आहे? पहिल्या रात्री फोन कुणी करायचा ते ठरलंय?

पायरी ६ : पहिले तीन दिवस, मग तीन आठवडे

शेवटच्या बिडीनंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, अस्वस्थता, भूक, झोप मोडणं, डोकं जड होणं. काहींना तोंड येतं, काहींचा खोकला वाढतो. हे बहुतेक दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. पहिल्याच दिवशी त्यांना आणि घरच्यांना हे सांगून ठेवा, म्हणजे "सोडल्यापासून तब्येत बिघडली" असं कुणी म्हणणार नाही.

चहा-कॉफी निम्मी करा. वर औषधांबद्दल सांगितलं तेच इथे लागू होतं. धूर बंद झाला की तेवढ्याच कपांतलं कॅफिन अंगात कितीतरी जास्त साठतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री डोळा न लागणं, याचा दोष सोडण्याला जातो आणि खरा दोष त्या सहा कप चहाचा असतो.

तलफ लाटेसारखी येते, चढते आणि काही मिनिटांत उतरते. तेवढी मिनिटं काढायची. सावकाश एक भांडं पाणी प्यायचं, दहा लांब श्वास घ्यायचे, जागेवरून उठायचं, हाताला काम द्यायचं. शेंगा सोलणं, सायकल पुसणं, काहीही. त्या वेळी तुम्ही जवळ असाल तर उपदेश करू नका, "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" म्हणा.

"ओढली का?" हे विचारू नका. संध्याकाळी विचारा, "आज कोणती वेळ जड गेली?" पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि त्यातलं एक खोटं असू शकतं. दुसऱ्यातून उद्याची आखणी निघते. ते ओरडले तर उलट ओरडू नका, मात्र सगळं घर पंधरा दिवस दबून राहील असंही करू नका. "आत्ता तुम्हाला त्रास होतोय, आपण नंतर बोलू" एवढं पुरतं. तिसऱ्या दिवशी पायरी १ मधला त्यांच्या कारणांचा कागद काढा. वाचून दाखवू नका, हातात द्या.

वजन दोन-चार किलो वाढू शकतं. या महिन्यात डाएट सुरू करू नका, एका वेळी एकच लढाई.

इशारा : उदासी दोन आठवड्यांनंतरही वाढत असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं निघालं, तर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. टेलिमानस १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

इशारा : बिडी गेली आणि मळलेली तंबाखू, मिश्री किंवा गुटखा आला, तर सुटलेलं काहीच नाही. आपल्याकडे ही अदलाबदल फार होते, आणि धूर दिसत नाही म्हणून घरच्यांना कळतही नाही. खिशात चुन्याची डबी दिसली तर पायरी २ पासून पुन्हा सुरू करा.

पायरी ७ : एक ओढली तर

बहुतेकांची एकदा तरी ओढली जाते. ती एक ओढणं आणि पुन्हा रोजचं सुरू होणं, यांच्यामध्ये थोडा अवकाश असतो. सगळा खेळ त्या अवकाशात आहे, आणि तो बहुतेक वेळा घरच्यांच्या पहिल्या वाक्याने बिघडतो.

"आम्हाला माहीतच होतं" हे वाक्य कायमचं बाद करा. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, नातवंडांना हेर करणं, हेही बाद. आधीच्या खेपांना मी हे केलं, आणि वडिलांनी मला सांगणं सोडलं.

त्यांनी सांगितलं तर आधी म्हणा, "बरं झालं सांगितलंत." मग तीनच प्रश्न : कुठे, कुणासोबत, त्याआधी काय झालं होतं? उरलेलं पाकीट त्याच दिवशी टाका. दिवस शून्यापासून मोजायला लावू नका. चाळीस दिवसांत एक ओढली म्हणजे एकोणचाळीस दिवस कुठे गेले नाहीत. च्युइंगम किंवा गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना किंवा क्विटलाइनला फोन करा.

पायरी ८ : तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत

आता शरीराची मागणी संपलेली असते, धोका प्रसंगांचा असतो. मयताला गेल्यावर स्मशानाबाहेर उभे असताना कुणीतरी पुढे केलेली, हळदीच्या रात्रीची, गणपतीत मंडपामागची, गावी गेल्यावर पारावरची, दारूच्या घोटाबरोबरची. वर्षातले असे प्रसंग त्यांच्यासोबत बसून मोजा आणि प्रत्येकासाठी एक वाक्य तयार ठेवा. "डॉक्टरांनी बंद केलीय" हे आपल्याकडे चालतं, त्यावर कुणी आग्रह करत नाही. दारू घेत असतील तर निदान पहिले तीन महिने तीही टाळलेली बरी, पहिल्या घोटानंतर निर्धार सैल होतो.

बिडीचे रोजचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या डब्यात टाका. डबा त्यांच्याकडे, खर्चही त्यांच्या मर्जीने. घरखर्चात ओढू नका.

घरात दुसरंही कुणी ओढणारं असेल तर दोघांनी एकच तारीख घेणं उत्तम. तेवढी तयारी नसेल तर निदान पहिले तीन महिने त्याने घरात आणायची नाही, यांच्यासमोर ओढायची नाही आणि यांच्याकडे काडेपेटी मागायची नाही. आणि ओढणारे तुम्ही स्वतःच असाल, तर पायरी १ मधले दोन्ही प्रश्न आधी स्वतःला विचारा, उत्तर आबांना सांगा, आणि नोंदीचा कागद दोन पाकिटांना गुंडाळा.